स्क्रू आवळणं हेही कामच आहे

"भारतात काय बनतं? आयफोनचे नुसते स्क्रू आवळतात. अस्सल माल तुमच्या जर्मनीत." चुलतभावाने, म्हणजे दादाने, घरच्या ग्रुपवर हे टाकलं आणि माझं डोकंच फिरलं.

मी जर्मनीत वुपर्टालला राहते. शेजारच्या सोलिंगेनचे कारखानदार एकेकाळी हलक्या प्रतीच्या सुऱ्यांवर इंग्लंडमधल्या शेफील्डचं नाव ठोकून विकायचे. असल्या प्रकारांना चाप लावायला ब्रिटनने 1887 साली कायदा केला आणि 'मेड इन जर्मनी' हा शिक्का आला, तो गिऱ्हाइकाने सावध व्हावं म्हणून! आज सोलिंगेनचं नाव कायद्याने राखलेलं आहे. मुख्य काम त्याच भागात झालं असेल तरच ते पात्यावर घालता येतं. माझ्याकडे एकाच कंपनीची सुरी आणि पातेलं आहे. सुरीवर सोलिंगेन, पातेल्याच्या बुडाला चायना. इथे त्यावरून कोणी कोणाला हिणवत नाही.

युरोपातल्या कस्टम्सचा नियम असा, की वस्तू अनेक देशांत घडली असेल तर शेवटची महत्त्वाची प्रक्रिया जिथे झाली, तो तिचा देश. मालक कोण, नफा कुठे जातो, हे त्यात येत नाही. इथून जवळच एनेपेटालला फोर्जिंगचा, म्हणजे तापलेलं लोखंड दाबून-ठोकून भाग घडवण्याचा, जुना कारखाना आहे. तो 2003 मध्ये पुण्याच्या भारत फोर्जने विकत घेतला, तरी तिथला माल जर्मनच राहिला. हे दादाला ठाऊक नसतं.

तो एक आकडा नेहमी फेकतो, आणि तो खरा आहे: 2009च्या आयफोनचा उत्पादनखर्च सुमारे 179 डॉलर, त्यात चीनमधल्या जोडणीचे जेमतेम साडेसहा. पण चीन तिथेच थांबला का? जोडणी करता करताच तो सुटे भाग बनवायला शिकला.

माझे बाबा भोसरीत लेथवर होते. ड्रॉइंगप्रमाणे बुश, म्हणजे यंत्रात बसणारी धातूची कडी, काढायचे, प्रत्येक नगाला मायक्रोमीटर लावायचे, जरा कमी-जास्त भरला की बाजूला टाकायचे. पास झालेल्या नगावर शिक्का मात्र माल घेणाऱ्या कंपनीचा. घरी आले तरी हातांना कूलंटचा वास असायचा. त्यामुळे 'नुसते' ऐकलं की मला सहन होत नाही. जर्मन पासपोर्ट घेतल्यापासून घरच्या वादात मला बाहेरची धरतात, तेही मनात सलतं. कदाचित म्हणून मी जास्तच तावातावाने भांडते.

दादा, तामिळनाडूतल्या होसूरच्या आयफोन कारखान्यात लाइनवर काम करणाऱ्या मुलींना पगार किती मिळतो, त्यांना पुढचं मशीन शिकवतात का, जास्तीत जास्त सुटे भाग आपल्याकडे कधी बनणार, हे विचार ना. त्यावर रात्रभर वाद घालू.