पुट्टीखालची वेल्डिंग आणि आठ हजारांचा चॉपर

आज संध्याकाळी नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत सातवी-आठवीतला एक मुलगा पायात स्लीपर आणि उघडे डोके अशा थाटात, गुडघ्याएवढ्या उंचीच्या चॉपरवर, म्हणजे पुढे लांब तिरपा फोर्क असलेल्या मोटारसायकलच्या छोट्या नकलेवर, चकरा मारत होता आणि त्याचे वडील मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करण्यात दंग होते. गाडी कुठून आणली असे विचारल्यावर ते कौतुकाने म्हणाले, "बंद पडलेली होती काका, आठ हजारांत मिळाली. घरीच चालू केली. खेळण्यातलीच आहे, काय होतंय?" तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहितो आहे.

अमेरिकेत 2000 नंतरच्या दशकात चॉपरचे वेड शिगेला पोहोचले, तेव्हा चिनी कारखान्यांनी 49 सीसीच्या या छोट्या गाड्या स्वस्तात बनवून विकल्या. आपल्याकडे आता त्यांचे सांगाडे आणि त्यांच्या नकला फिरतात. कुणी त्यात जुन्या लुनाचे इंजिन बसवतो, तर कुणी गवत कापण्याच्या यंत्राचे. आपल्या मोटार वाहन कायद्याने चारपेक्षा कमी चाकांच्या आणि 25 सीसीपर्यंतच्या गाडीलाच व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे 49 सीसीची ही वस्तू कायद्याच्या लेखी पूर्ण मोटार वाहन ठरते आणि तिला नोंदणी, विमा, परवाना असे सगळेच लागते. पण ते जाऊ द्या. कागदपत्रांवाचून हाडे मोडत नाहीत, ती मोडतात वेगळ्याच कारणांनी.

माझे उभे आयुष्य सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनमध्ये गेले. माझ्या भाच्याने असाच एक चॉपर आणला होता. टाकीवर ज्वाळांची चित्रे होती, हँडल लांबलचक होते आणि रंग असा चकाचक की आरशाची गरज पडू नये. "मामा, सीट कोणत्या रंगाचं करू?" हा त्याचा पहिला प्रश्न होता. मी कानस घेतली आणि पुढचे चाक धरणारा फोर्क जिथे चॅसीला जोडलेला असतो त्या नळीजवळ रंग खरवडला, तर कानशीच्या दातांत पांढरी भुकटी भरली. ती पुट्टी होती. पुट्टीखाली आर्क वेल्डिंगचे थेंब गोचिडासारखे वरवर चिकटलेले होते, धातू आत मुरलेलाच नव्हता, आणि नळीच्या जवळजवळ अर्ध्या घेरात केसाएवढी चीर गेलेली होती. चॉपरचा फोर्क लांब आणि तिरपा असल्यामुळे खड्ड्यातला प्रत्येक दणका तरफेसारखा याच सांध्यावर येतो. त्यातून मागे सस्पेन्शन नाही आणि चाके इतकी लहान की आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात ती निम्मी आत जातात. सांधा तुटला की पुढचे चाक एकीकडे आणि माणूस तोंडावर, इतका साधा हिशेब आहे.

भाच्याने ऐकले, असे मला वाटले. "वेल्डिंग पुन्हा करून घेऊ" म्हणाला, पण तोवर नुसते इंजिन पाहू म्हणून त्याने गाडी बाहेर काढली. ॲक्सिलरेटरची केबल आतून गंजलेली होती, मूठ सोडल्यावर ती परतलीच नाही. नेहमीच्या मोटारसायकलवर अशा वेळी डावा हात क्लच दाबून वाचवतो. इथे क्लचचा लिव्हरच नसतो, कारण इंजिनाचे फेरे वाढले की क्लच आपोआप धरतो. इंजिन बंद करण्याचे बटण होते, पण त्याची वायर कुणीतरी तोडून टाकलेली होती. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर, आणि आमच्या गल्लीची लांबी ती किती! भिंतीवर गेला. मनगटात प्लेट बसली, आणि सगळे म्हणाले की थोडक्यात निभावले.

मान्य आहे, मुले मोबाइल सोडून हाताला ग्रीस लावतात ही चांगलीच गोष्ट आहे. खरे सांगायचे तर भाच्याने कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केला तेव्हा त्याचा चेहरा मलाही पाहत राहावासा वाटला होता. ओझर, सातपूर, अंबडच्या या शहरात पोरांना यंत्राची ओढ नसेल तरच नवल. ती ओढ मारावी असे मी कधीही म्हणणार नाही.

माझा राग आहे तो विकणाऱ्यांवर आणि चित्रीकरण करणाऱ्या वडिलांवर. विकणारा रंग मारतो, टाकी घासतो आणि ब्रेकला हातही लावत नाही. भाच्याच्या गाडीला ब्रेक फक्त मागे होता, तोही ड्रमवर आवळणाऱ्या पट्ट्याचा, आणि त्या पट्ट्याचे लायनर तेलाने माखलेले होते. टायरच्या बाजूवर 2307 असे आकडे होते, म्हणजे तो 2007 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला होता, आणि नखाने दाबले की त्याच्या भेगा उघडत होत्या. रिम दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली. तिच्यातली हवा पूर्ण न सोडता ते बोल्ट सैल केले तर तुकडा सरळ तोंडावर येतो, हे विकणाऱ्याने सांगितले होते का? छे! आणि वडिलांना हे तरी ठाऊक आहे का, की अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो? शिवाय इतकी बुटकी गाडी मुंबई नाक्यावरच्या ट्रकचालकाला बॉनेटपुढे दिसतही नाही.

आवाज चढला, माफ करा. त्या शेजाऱ्यांना मी एवढेच सांगून आलो आहे की रविवारी गाडी घेऊन माझ्याकडे या. ती ढकलत आणायची, चालवत नाही. सांध्याचा रंग काढून त्यावर डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत मुरणारा लाल रंग, मारू, चीर असेल तर ती लाल रेघेने उमटेलच. मग ब्रेक, केबल, बंद करण्याचे बटण आणि टायर, याच क्रमाने काम करू, मुलालाही पाने हातात देऊ. तो मुलगा लगेच हो म्हणाला. वडील अजून "बघू" म्हणत आहेत.