यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज वोट’ मिळत नाही

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲपवर हा मेसेज पुन्हा फिरू लागतो: “यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९ए खाली चॅलेंज वोट मागा. तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकलं असेल तर टेंडर वोट मागा. १४ टक्क्यांहून जास्त टेंडर वोट पडले तर त्या केंद्रावर फेरमतदान होतं.”

मी निवडणूक ड्युटी केली आहे. हाच मेसेज मोबाइलवर उघडून एक आजोबा आमच्या टेबलापाशी उभे होते, दुसऱ्या हातात घड्या पडलेलं आधार कार्ड. आम्ही यादी तीनदा चाळली. नाव नव्हतंच. उन्हातून आलेला माणूस मत न देता परत गेला, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

यादीत नाव नाही, तर मत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ६२ तसं स्पष्ट सांगतं. केंद्राध्यक्षांनाही त्यात सूट देता येत नाही. आधारने फक्त ओळख पटते. उलट नाव यादीत असेल आणि मतदार ओळखपत्र हरवलं असेल, तर आधार, पासपोर्ट, लायसन्स चालतं. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

निवडणूक नियमांतला ४९ए मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. आणि ‘चॅलेंज’ मतदार मागत नाही, ते त्याच्यावर घेतलं जातं: समोरचा माणूस यादीतला तो मतदार नव्हेच असं वाटलं तर उमेदवाराचा पोलिंग एजंट दोन रुपये भरून हरकत घेतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात.

टेंडर वोट खरं आहे. तुमच्या नावावर दुसरंच कुणी मत देऊन गेलं असेल तर ते जरूर मागा. केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांची नीट उत्तरं दिलीत की सही घेऊन कागदी मतपत्रिका मिळते. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होते, आणि नेहमीच्या मतमोजणीत धरली जात नाही. निकालाला कोर्टात आव्हान दिलं गेलं तरच तिचा विचार होऊ शकतो. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी एका मताने हरले, ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६. तिथल्या टेंडर मतांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

१४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही. केंद्रावर टेंडर मतांसाठी साधारण वीस मतपत्रिका दिलेल्या असतात. हजार मतदारांच्या केंद्रावर १४ टक्के म्हणजे १४० झाले, तेवढ्या आणायच्या कुठून? फेरमतदान होतं ते यंत्र बिघडलं, पळवलं, फोडलं किंवा केंद्र बळकावलं गेलं तर.

नाव नसेल तर नमुना ६ भरायचा, आणि तोही वेळेत: उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव घालता येत नाही. म्हणून यादी आजच बघा. चौकशीला १९५० हा नंबर आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावंही त्याच वेळी तपासा.