खव्याचा पेढा शुगर फ्री कसा असेल, सांगा की

दिवाळी जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतंय, या वर्षी ते जरा जास्तच पेटलं. दादानं भूमच्या एका मिठाईच्या दुकानातल्या काउंटरचा फोटो टाकला. हिरव्या अक्षरात शुगर फ्री पेढा, शुगर फ्री खजूर रोल, शुगर फ्री काजू कतली. खाली दादानं लिहिलं, 'आईला यंदा काही कमी पडू द्यायचं नाही.' त्यावर लातूरच्या मावशीचं आलं, 'ते सगळं केमिकल हाय, त्यापेक्षा गुळाचं करा, गूळ चालतोय शुगरला.' मग पुतण्यानं शुगर फ्रीमधल्या गोडव्यानं कॅन्सर होतो असा फॉरवर्ड टाकला, मग कुणीतरी दोन्ही हात जोडलेले टाकले. मी फक्त एवढंच लिहिलं की खव्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, पेढा शुगर फ्री असूच शकत नाही. तर सगळ्यांचं मिळून एकच उत्तर, तू जर्मनीत बसून आम्हाला शिकवू नको.

बरं, ग्रुपवर नाही शिकवत, इथं लिहिते.

पाकिटावर शुगर फ्री लिहायचं तर १०० ग्रॅममागं साखर ०.५ ग्रॅमच्या वर नको, हा नियम आपल्या एफएसएसएआयचाच, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचाच आहे, इकडं युरोपातही तोच आकडा. आणि साखर म्हणजे पोत्यातली पांढरी साखर एवढंच नाही, दुधातलं लॅक्टोज, फळातलं फ्रुक्टोज, ग्लुकोज सगळं त्यात धरतात. आता कुंथलगिरीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला खवा कसा होतो हे सांगायची गरज आहे का? पाच लिटर म्हशीचं दूध कढईत पडतं, भट्टीवाला दोन्ही हातांनी उलथणं फिरवत राहतो, कडेला चिकटलेलं खरडून आत घेतो, आणि शेवटी किलोभर खवा निघतो. गेलं काय तर पाणी. दुधात १०० ग्रॅममागं जे पाचेक ग्रॅम लॅक्टोज होतं ते त्या कढईतच राहिलं, म्हणजे खव्यात ते २० ते २५ ग्रॅमवर गेलं. वरून साखर घातली नाही म्हणा, ते मान्य, पण मग पाटीवर 'साखर घातलेली नाही' असं लिहा. शुगर फ्री कामून लिहिता?

खजूर रोलचं तर विचारूच नका. खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते, १०० ग्रॅमला साठ-पासष्ट ग्रॅम, आणि तो रोल 'शुगर पेशंट स्पेशल' म्हणून विकायला ठेवलाय. काजू कतलीतून साखर काढली तर तिची जागा भरायला काहीतरी लागतंच, मग एकतर माल्टिटॉलसारखं साखरेऐवजीचं काहीतरी गोड घालायचं नाहीतर काजू वाढवायचा. साखरेच्या १०० ग्रॅमला ४०० कॅलरी, काजूच्या १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर. साखर काढून वजन वाढवायचा हा उद्योग आहे, आणि तो साध्या कतलीपेक्षा महाग विकतात, तेही लोक आनंदानं घेतात.

आईचं सकाळचं बिस्किट पण तसंच. शुगर फ्री बिस्किट म्हणून ती चहाबरोबर चार-पाच खाते, साधं असतं तर दोनवर थांबली असती. ते बिस्किट मैद्याचं असतं आणि मैद्याचं पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं, त्याला कुणी सांगितलंय का की तुझ्या पाकिटावर शुगर फ्री लिहिलंय म्हणून तू रक्तात जाऊ नको.

मावशीच्या गुळाबद्दल बोलायचं तर मी जपूनच बोलते, कारण गुळावर बोललं की आपल्याकडं धर्मावर बोलल्यासारखं होतंय. गावाकडं आता प्रत्येक चौकात गुळाच्या चहाची टपरी आहे. चव चांगली असते, मी पण पिते. पण गुळात बहुतेक सगळी साखरच असते, तीच उसाची, थोडं पाणी आणि थोडे क्षार सोडले तर. लोह असतं हे खरं, पण चहाच्या कपात पडणाऱ्या दहा ग्रॅम गुळातून एक मिलिग्रॅम मिळालं तरी खूप झालं, तेवढ्यासाठी मूठभर शेंगदाणे किंवा तांदळाच्या जागी बाजरीची भाकरी बरी. शुगर मोजायच्या मशीनला गूळ आणि साखर यातला फरक कळत नाही.

आणि तो कॅन्सरवाला फॉरवर्ड. २०२३ च्या जुलैत डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं अॅस्पार्टेमला, म्हणजे डाएट कोलात साखरेऐवजी घालतात त्या गोडव्याला, 'कॅन्सरची शक्यता आहे' या गटात टाकलं, त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क पण आहे, पण कोरफडीचा ज्यूस पिणाऱ्या काकांना तो फॉरवर्ड कुणी पाठवत नाही. त्याच वेळी दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा अंगाच्या वजनाच्या किलोमागं ४० मिलिग्रॅम होती तीच ठेवली, ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन डाएट कोला लागतो असा हिशोब त्यांनीच दिला. भीती तिथं नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात डब्ल्यूएचओनं जे सांगितलं ते जास्त कामाचं होतं, की वजन कमी करायला म्हणून हे गोडवे वापरू नका, लांबच्या मुदतीत फायदा दिसत नाही. ती सूचना आधीपासून डायबेटिस असलेल्यांसाठी नव्हती हेही खरं, नाहीतर दादा लगेच म्हणेल की अर्धंच सांगितलंस.

मी जर्मनीत हिल्डेसहाइमला राहते. इकडं काय आहे तर डायबेटिसवाल्यांचं वेगळं खाणं असं काही आता नसतंच. आधी असायचं, वेगळं शेल्फ, वेगळी चॉकलेटं, वेगळा जॅम. मग सरकारनं नियम बदलला आणि २०१२ च्या ऑक्टोबरनंतर 'डायबेटिकसाठी' असं लिहून काही विकायला बंदी आली. कारण साधं होतं. त्यात साखरेच्या जागी फ्रुक्टोज घालायचे, चरबी कधीकधी जास्तच असायची, आणि डॉक्टर म्हणाले की डायबेटिसच्या माणसाला वेगळ्या खाण्याची गरजच नाही, जे सगळ्यांनी खायला पाहिजे तेच त्यानं खायचं. आमच्या ऑफिसातली एक बाई, दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावलेला, दुपारी चारला साध्या केकचा एक तुकडा घेते, मोबाइलवर आकडा बघते, इन्सुलिन घेते आणि परत कामाला लागते. दुसरा तुकडा तिला कुणी घे म्हणत नाही.

हे मी घरी फार अभिमानानं सांगते. आणि इथंच माझा आवाज थोडा चढतो हेही मला कळतं. कारण ती बाई दुसरा तुकडा का खात नाही यात जर्मनीची अक्कल किती आणि तिला कुणी आग्रहच करत नाही याचा भाग किती, हे मी सांगत नाही. आपल्याकडं आई एखाद्या घरी गेली तर पेढा न खाता उठता येत नाही, 'एकानं काय होतंय, शुगर फ्री हाय' म्हणत ताटलीत दुसरा येतो. शुगर फ्री हा शब्द आलाच मुळी आग्रहाच्या मदतीला. आधी निदान 'मला शुगर आहे हो' म्हणून सुटता यायचं, आता तेवढी पण सोय राहिली नाही.

आणि इकडं सगळे शहाणे आहेत असंही नाही. इकडची शेल्फंच्या शेल्फं प्रोटीन पुडिंग आणि झीरो पेयांनी भरलेली आहेत, पाकिटावर ए ते ई असं अक्षर देणाऱ्या न्यूट्री-स्कोअरचा हिशोब बदलून गोडवे घातलेल्या पेयांचं अक्षर खाली गेलं तरी रिकाम्या बाटल्या घेऊन अनामत परत देणाऱ्या फान्डच्या मशीनपुढं शनिवारी जी रांग लागते त्यात निम्म्या बाटल्या झीरोच्याच असतात, माझ्या पण. गावी जाताना दरवेळी 'तिकडचं शुगर फ्री चॉकलेट आण' अशी यादी येते म्हणून एकदा नेलं, मागं स्पष्ट लिहिलेलं की जास्त खाल्लं तर जुलाब होऊ शकतात, माल्टिटॉल १० टक्क्यांच्या वर गेला की ते लिहावंच लागतं. पण ते जर्मनमधे होतं आणि काकांनी अख्खी लादी एका बैठकीत संपवली. पुढचं सांगत नाही, पण काका अजून मला 'जर्मनीचा एरंडेल' म्हणून हाक मारतेत.

सप्टेंबर उजाडला की इकडं साखरेच्या बीटाचा हंगाम सुरू होतो, नोर्डश्टेमेनच्या साखर कारखान्याकडं ट्रॅक्टर जातात, रस्त्यावर चिखल आणि मधेच सांडलेलं बीट. तो शिजल्यासारखा गोडूस वास आला की मला गाळप आठवतं, डोळे मिटले तर वाढ्यांच्या गाड्या दिसतात. मशीन येतं, रात्रीतून शेत रिकामं करून जातं, कोयता कुठं नाही, मुकादम नाही, उचल घेतलेल्या जोडप्याचं लेकरू फडात झोपलेलं नाही. याच बीटवाल्यांनी एके काळी सॅकरिनला, म्हणजे साखरेऐवजीच्या गोडव्याला, पळवून लावलं होतं. १८७९ मधे ते सापडलं, त्याचा कारखाना इथून फार लांब नाही, माग्देबुर्गजवळ निघाला, आणि साखर कारखानदारांनी ओरडा केल्यावर १९०२ च्या कायद्यानं ते औषधाच्या दुकानात कोंडलं, मग लोक स्वित्झर्लंडमधून चोरून आणायला लागले. म्हणजे काय गोड खायचं ते आरोग्यावर कमी आणि कुणाचा कारखाना चालला पाहिजे यावर जास्त ठरतं, हे दोन्हीकडं सारखंच. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हाही आमच्याकडं पाणी पिणाऱ्या उसाबद्दल बोललेलं कुणाला आवडायचं नाही.

भारतात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे असा आयसीएमआरच्या पाहणीचा २०२३ चा आकडा, आणि त्याहून जास्त लोक उंबरठ्यावर. एवढ्या गिऱ्हाइकांना दुकानदार सोडेल का? त्याच्यावर माझा फार राग नाही. राग दादावर होता, आणि खरं सांगायचं तर दादावर पण नव्हता. आईची तीन महिन्यांची शुगरची टेस्ट करायला धाराशिवला घेऊन जाणारा तो आहे, गोळ्या संपायच्या आत आणणारी वहिनी आहे. मी आकडे पाठवते. आकडे पाठवणं मला जमतं कारण इथं संध्याकाळी सुपरमार्केटात पाकिटं उलटी करून मागचं वाचायला माझ्याकडं वेळ असतो, सोबत बोलायला कुणी नसलं की माणूस सगळं वाचतो. आणि ग्रुपवर चूक काढली की मी त्या घरात अजून आहे असं मला वाटतं. नुसतं 'छान' लिहिलं तर मी पण त्या हात जोडणाऱ्यांतलीच.

वहिनीनं मला वेगळा फोन केला. म्हणाली, 'ताई, तुमचं लॅक्टोजचं खरं असंल, पण मी आईंच्या हातातला पेढा काढून घेतला तर मी सून झाले, तुम्ही सांगितलं तर काळजी झाली. तुम्हीच सांगा त्यांना.' मी म्हणाले, शुगर मोजायच्या स्ट्रिप्सचे पैसे पाठवते, पेढा खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा मोजून बघा, साधा आणि शुगर फ्री दोन्हीचं, म्हणजे दादाला पण दिसेल. ती म्हणाली पैशाचं राहू द्या, फोन करा.

आईला केला. आधी अर्धा तास माझ्याकडं थंडी किती आणि मी काय खाते यावर गेला, शनिवारी केक खाते हेही कबूल करून घेतलं तिनं. मग मी म्हणले, कुंथलगिरीचा साधा पेढा आण, चांगला, पण जेवणानंतर आणि अर्धा. शुगर फ्रीचा डबा आणूच नको. आई म्हणाली, 'अर्धा खाते की, त्यात काय.' लगेच मान्य केलं, एवढ्या लगेच की मला शंकाच आली. उरलेला अर्धा कुठं जातो ते आता वहिनीलाच विचारावं लागणार.