पंखा फिरला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही

बंद पडणाऱ्या डेस्कटॉपवरचा एक उपाय व्हॉट्सॲपवर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की संगणक अचानक बंद होऊ लागला किंवा निळा पडदा आला, तर दोष रॅमचा (तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीचा) समजून ती खोडरबराने घासावी. गुण आला नाही, तर एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीची, हिरवी आणि काळी तार जोडून पाहावी. पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला, म्हणजे मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी) गेला.

पहिली चूक म्हणजे दोन वेगळी लक्षणे एकाच पोत्यात घातली आहेत. निळा पडदा येतो तेव्हा विंडोजला किमान काही लिहून थांबण्याइतका वेळ मिळालेला असतो, आणि त्याचे कारण रॅम असू शकते तसेच ड्रायव्हरही (एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) असू शकतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. त्यांच्या रॅम घासून काय साधले असते? याउलट, पडदा न येता यंत्र क्षणात काळे पडत असेल, तर आधी वीजपुरवठा आणि प्रोसेसरचे तापमान पाहावे.

खोडरबराने गुण येतो हे खरे, पण तो बहुधा रॅम काढून नीट बसवल्याचा असतो. घासण्याने रॅमच्या टोकांवरचा सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. संशय असेलच, तर एका वेळी एकच रॅम ठेवून मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवावी.

आता एसएमपीएस. हिरवी तार काळीला जोडल्यावर त्याला फक्त सुरू होण्याची आज्ञा मिळते, आणि एका पंख्याला लागणारी दोन-तीन वॅट वीज मरायला टेकलेला एसएमपीएससुद्धा देतो. खरा प्रश्न भाराखाली काय होते हा आहे. माझ्याकडे आलेल्या एका यंत्रात, सगळे जोडलेले असताना, व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरची काळी पिन काळ्या तारेत आणि लाल पिन बारा व्होल्टच्या पिवळ्या तारेत कनेक्टरच्या मागून खुपसली, तेव्हा यंत्र नुसते सुरू असताना ११.९ व्होल्ट दिसत होते. गेम सुरू करताच आकडा ११.२ वर घसरला आणि यंत्र बंद पडले. बारा व्होल्टच्या वाहिनीला सहसा पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ११.४ च्या खाली जाणे हाच दोष. हाच एसएमपीएस तारेच्या परीक्षेत पंखा फिरवून दिमाखात पास झाला होता! मीटरचा आकडा ठीक दिसला तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कारण क्षणभराची घसरण साध्या मीटरला दिसत नाही. अशा वेळी पुरेशा क्षमतेचा, खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे उत्तम. मात्र एसएमपीएसची पेटी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट शिल्लक असू शकतात.

राहिला मदरबोर्ड. त्याला दोषी धरण्याआधी ग्राफिक्स कार्ड, डिस्क, सगळे काढावे, रॅमसुद्धा काढावी, छोटा स्पीकर जोडावा आणि यंत्र सुरू करावे. रॅम नसल्याची बीप ऐकू आली, तर निदान बोर्ड आणि प्रोसेसर तेवढे काम करण्याइतके जिवंत आहेत. बीप आली नाही, तर मात्र बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस हे तिघेही संशयित राहतात.