पाय मोडलेल्याला अंथरुणात डांबणारा फॉरवर्ड

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अपघाताच्या भरपाईचा दावा टाकला की विमा कंपनी मागे गुप्तहेर लावते, फोन ऐकते. चालतानाचा एक व्हिडिओ मिळाला की केस संपली. म्हणून निकाल लागेपर्यंत अंथरूण धरा, कुबडी सोडू नका, फिजिओथेरपी बंद करा, फेसबुक उडवा आणि दोन-तीन वर्षं थांबून दावा टाका, तोवर कंपनीचं लक्ष उडालेलं असतं. रावेर तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या एका पोराच्या मांडीत रॉड आहे. त्याने हे वाचून व्यायामाला जाणंच बंद केलं. आता बोलणं भाग आहे.

जे खरं आहे ते आधीच देऊन टाकतो. कंपनी माणूस पाठवते, हो. त्याला इन्व्हेस्टिगेटर म्हणतात. पण तो तुमच्यापेक्षा तुमच्या कागदांच्या मागे जास्त असतो. एफआयआर किती दिवसांनी झाली, पंचनाम्यात गाडीचा नंबर कोणता, ड्रायव्हरचं लायसन आरटीओच्या रेकॉर्डला आहे का, दवाखान्याच्या एमएलसी नोंदीत (पोलीस केस म्हणून होणाऱ्या नोंदीत) 'गाडीची धडक' लिहिलंय की 'घसरून पडला', हे तो आधी पाहतो. याला कारणही आहे. उत्तर प्रदेशात खोट्या अपघात दाव्यांच्या तपासासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१५ साली विशेष तपास पथक नेमावं लागलं होतं. आजूबाजूला चौकशी, फेसबुक चाळणं, रस्त्यात मोबाइलवर शूटिंग, हेही अधूनमधून होतं. एवढं कबूल.

फोन ऐकण्याची गोष्ट मात्र शुद्ध थाप. तो अधिकार सरकारचा, तोही सार्वजनिक सुरक्षेसारख्या कारणासाठी आणि लेखी आदेशानेच. विमा कंपनी कितीही मोठी असो, तिला तो नाही. धोका वेगळाच आहे. तुम्हाला फोन करणारा माणूस स्वतःचा कॉल रेकॉर्ड करू शकतो. त्याने "काय दादा, कशी आहे तब्येत?" विचारलं की आपण सवयीने "बरंय आता" म्हणतो, आणि तेवढंच उचललं जातं.

आता तो व्हिडिओ. ही भीती बहुतेक परदेशातून उचललेली आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या एका कायद्याचं कलम ५७ असं आहे की दावेदार मुळातच अप्रामाणिक निघाला, तर खऱ्या दुखापतीसकट सगळा दावा सहसा फेटाळला जातो. तिथे पाळतीचे व्हिडिओ नेहमीचेच. आपल्या मोटार वाहन कायद्यात असं कलम नाही. आपल्याकडे भरपाई कशी ठरते ते सर्वोच्च न्यायालयाने 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' या २०१० च्या निकालात पायरीपायरीने सांगितलंय: दुखापतीनंतर माणूस कोणती कामं करू शकतो आणि कोणती नाही, अपघाताआधी तो काय करायचा, आणि आता त्याच कामातून कमावू शकतो का. निकालातलं उदाहरणच घ्या. डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, सरकारी कारकुनाची तेवढी बुडत नाही. हात तोच, नुकसान वेगळं.

म्हणजे केळी कापणीवरचा मजूर बाजारात पिशवी घेऊन चालताना दिसला, तर त्यातून काय सिद्ध झालं? चालता येतं, एवढंच. त्याचं काम वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन ओल्या बागेतून, सरी-वरंबे ओलांडत ट्रकपर्यंत नेण्याचं आहे, तेही दिवसभर. ते जमतं की नाही, हे दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये दिसत नाही. शिवाय क्लिप दाखवून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, त्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, लागते. असे अपघात दावे ऐकणारं न्यायाधिकरण पुराव्याचे नियम काटेकोर लावत नाही, हे खरं. तरी तुमच्या वकिलाने शूटिंग करणाऱ्याला उलटतपासणीला बोलवावं आणि कापलेली नाही, पूर्ण फाइल मागावी. पुढे-मागे त्याच फाइलमध्ये तुम्ही ओट्यावर पाय चोळत बसलेलेही सापडाल.

व्हिडिओने मरतो तो 'मला उठताच येत नाही' असं शपथपत्रावर लिहून देणारा. आणि हा फॉरवर्ड लोकांना नेमकं तेच करायला शिकवतोय!

सगळ्यात घातक सल्ला अंथरुणाचा. मांडीचं हाड मोडून रॉड बसला की पहिले काही आठवडे गुडघ्याची हालचाल राखायची असते. पायावर भार कधी आणि किती टाकायचा हे ऑपरेशन करणारे डॉक्टर सांगतात, पण गुडघा वाकवणं आणि मांडीचा स्नायू आवळणं सहसा लवकर सुरू होतं. ते सोडलं की सांधा आखडतो, मांडी वाळते. पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली, तर जिवावर बेततं. निरोगी गुडघा साधारण १३५ अंश वाकतो. तो ८०-९० वर अडकला तर निंदणीला उकिडवं बसणं विसरा, मांडी घालून जेवायलाही बसता येणार नाही.

बरं, एवढं सोसून केसला फायदा? उलट तोटा. डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीचा सल्ला लिहिलेला असतो. कंपनीचा वकील विचारणारच, "व्यायामाला गेला नाहीत, म्हणूनच गुडघा आखडला ना?" आणि कुबडी दाखवून अपंगत्वाचे टक्के वाढत नाहीत. तपासणारा डॉक्टर गोनिओमीटरने सांध्याचे अंश मोजतो, स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये लिहितो, टेपने दोन्ही पायांची लांबी आणि मांडीचा घेर मोजतो, एक्स-रे बघतो. त्या कागदात कुबडीला रकाना नसतो. फिजिओची प्रत्येक पावती, प्रत्येक तारीख मात्र तुमच्या बाजूचा पुरावा असते. रिक्षाभाड्याच्या चिठ्ठ्याही जपा.

टक्क्यांचं प्रमाणपत्र इलाज न केलेल्या डॉक्टरकडून विकत घेण्याच्या फंदात पडू नका. अशा तयार प्रमाणपत्रांबद्दल वर सांगितलेल्या निकालातच इशारा आहे.

फेसबुक उडवू नका. दाव्यानंतर अकाउंट गायब झालं की काहीतरी लपवलंय असं दिसतं. अनोळखी रिक्वेस्ट घेऊ नका, लग्नातल्या नाचाचे जुने फोटो आता टाकू नका. बास.

दोन-तीन वर्षं थांबण्याचा सल्ला तर थेट नुकसानीचा. मोटार वाहन कायद्यातली दावा टाकण्याची मुदत १९९४ च्या दुरुस्तीने काढून टाकली होती, तेव्हाची ही ऐकीव माहिती. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. अपघात सुरतेला झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या न्यायाधिकरणात दावा टाकता येतो.

ज्याची खरी भीती बाळगायला हवी, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही: सही. कंपनीचा माणूस घरी येतो, चहा घेतो, 'फक्त जबाब' म्हणून कागद पुढे करतो. त्याचं ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र मागा, दोन्हीचे फोटो काढा. घरात घेणं तुमच्यावर बंधनकारक नाही. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. कागदपत्रांच्या झेरॉक्स द्या, मूळ प्रती घरातच ठेवा. जबाब द्यायचाच असेल तर वकिलासमोर द्या, वाचून घ्या आणि त्याची प्रत तिथल्या तिथे मागून घ्या.