उत्प्रेरक अलिप्त नसतो

‘उत्प्रेरक अभिक्रियेत भाग न घेता केवळ तिचा वेग वाढवतो’ हे एका लेखात वाचलेले विधान शालेय पुस्तकांतून चालत आलेले असले तरी चुकीचे आहे. अमोनियाच्या निर्मितीत नायट्रोजनचा रेणू उत्प्रेरक असलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागाला चिकटतो, तिथेच त्याचा तिहेरी बंध तुटतो आणि सुटे झालेले अणू हायड्रोजनशी टप्प्याटप्प्याने जोडले जातात; गेरहार्ड एर्टल यांना २००७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते घन पृष्ठभागांवरील अशाच प्रक्रियांच्या अभ्यासासाठी.

उत्प्रेरक अखेरीस जसाच्या तसा परत मिळतो, हेही बहुधा कागदावरच खरे. संशोधनाच्या काळात आमचा निकेलचा उत्प्रेरक वायूतील गंधकाच्या लवलेशाने निकामी झाला होता, आणि ते उमगेपर्यंत आम्ही बिचाऱ्या तापमापकालाच दोष देत बसलो होतो.