मूळ गाडी कोणती? रूटमास्टरवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लंडनच्या रूटमास्टर या दुमजली बसवरील माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. पहिला असा की, ज्या गाडीला मी '१९५९ सालची मूळ गाडी' म्हटले, तिचे इंजिन आणि साटा (प्रवासी बसतात तो गाडीचा वरचा सांगाडा) वेळोवेळी बदललेले असल्यामुळे तिला मूळ म्हणता येत नाही, आणि म्हणून ती रस्त्यावर चालवणे हे जतन नसून देखावा आहे. दुसरा असा की, जिच्यात व्हीलचेअरवरील प्रवासी चढूच शकत नव्हता, त्या बसचे गोडवे गाणे योग्य नाही.

'मूळ' हा शब्द मी अविचाराने वापरला, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, कारण या बसचे भाग आपसांत बदलणे हा तिच्या मालकांनी नंतर केलेला खटाटोप नव्हता. ती तशीच घडवली होती.

ए. ए. एम. ड्युरंट यांच्या मार्गदर्शनाखाली लंडनची बससेवा चालवणाऱ्या लंडन ट्रान्सपोर्टच्या अभियंत्यांनी ही बस आखली आणि डग्लस स्कॉट यांनी तिला रूप दिले. तिला स्वतंत्र चासी, म्हणजे साट्याखालचा भार पेलणारा वेगळा सांगाडा, नव्हतीच. ॲल्युमिनियमचा साटाच सगळा भार पेलत असे. त्याच्या खाली पुढे इंजिन आणि सुकाणू धरणारी एक चौकट, तर मागे आसाची दुसरी चौकट जोडलेली असे. त्यामुळेच आधीच्या आरटी गाडीत ५६ आसने होती, तिथे हिच्यात ६४ बसली, तरीही वजन वाढले नाही. १९५४ ते १९६८ या काळात अशा २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या, आणि त्यांची मोठी दुरुस्ती लंडनजवळच्या अल्डनहॅमच्या कारखान्यात होत असे. ही जागा मुळात भुयारी रेल्वेच्या डेपोसाठी उभारली होती, आणि युद्धकाळात तिथे हॅलिफॅक्स बॉम्बर विमानांचे काम चालले होते.

अल्डनहॅममध्ये गाडी शिरली की साटा आणि चौकटी वेगळ्या होत. तळ साफ करता यावा म्हणून अख्खा साटा एका अवाढव्य यंत्रात पकडून कुशीवर वळवला जाई. साट्याच्या आणि चौकटींच्या दुरुस्तीला लागणारा वेळ सारखा नसल्यामुळे एकाने दुसऱ्यासाठी थांबायचे नाही, असा नियम होता: जो साटा तयार झाला, तो तयार असलेल्या चौकटींवर चढे, आणि नुकत्याच आत आलेल्या एखाद्या गाडीचा क्रमांक लावून बाहेर पडे. परिणामी सुरुवातीच्या गाड्यांचे साटे, ज्यांच्या वरच्या मजल्यावरील पुढच्या खिडक्या उघडत नसत, ते पुढे भलत्याच क्रमांकांखाली धावू लागले. जाणकार आजही त्या खिडक्या पाहूनच साट्याचे वय सांगतात. म्हणजे ज्या अदलाबदलीला आपण भेसळ म्हणता, ती या गाड्यांच्या सेवेतली नित्याची पद्धत होती. अल्डनहॅमचा कारखाना १९८६ साली बंद झाला. त्यामुळे त्या पद्धतीची खूण उरली आहे, ती या गाड्यांच्या अंगावरच.

इंजिनाबाबत मात्र मी आपल्या बाजूने बराच पुढे येतो. १९९० च्या दशकात सेवेतील अनेक गाड्यांची जुनी इंजिने काढून कमिन्स किंवा इव्हेकोची इंजिने बसवली गेली. त्या गाड्यांना रोज प्रवासी न्यायचे होते, त्यामुळे तो निर्णय योग्यच होता. पण तशा गाडीत एईसी कंपनीच्या मूळ इंजिनाची ती संथ, खर्जातली घरघर ऐकू येत नाही, आणि मला ती उणीव फार जाणवते. जतन करणाऱ्याने कोणते इंजिन कधी बदलले याची नोंद ठेवावी आणि पाहणाऱ्याला ते स्पष्ट सांगावे, एवढी अपेक्षा आपण ठेवलीत तर मी आपल्या सोबत आहे. गाडी चालवूच नये, या मताशी मात्र मी सहमत नाही. नुसत्या उभ्या गाडीचे रबरी भाग कडक होतात, तेल गळू लागते, आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे ती दुरुस्त करणारे हात उरत नाहीत. मुंबईत १९३७ साली आलेल्या डबलडेकरच्या परंपरेतील शेवटची डिझेल गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी थांबली. तिच्याविषयी हळहळणाऱ्या कोणालाही विचारा, तिच्या वरच्या मजल्यावर बसून केलेला प्रवास तो आधी सांगेल.

दुसऱ्या आक्षेपावर वाद घालण्यासारखे काही नाही. मागच्या उघड्या दारातील पायरी आणि अरुंद जिना यांमुळे अनेकांना ही बस बंद होती, आणि लेखात मी ते लिहायला हवे होते. ९ डिसेंबर २००५ रोजी १५९ क्रमांकाच्या मार्गावरून ती नियमित सेवेतून निघाली, तेव्हा पायरी न चढता आत जाता येईल अशा, सखल तळाच्या गाड्यांना जागा देणे न्याय्यच होते. त्यानंतर ९ आणि १५ क्रमांकांच्या मार्गांवर ज्या थोड्या रूटमास्टर धावल्या, त्या तशा सुगम गाड्यांच्या जोडीला धावल्या, त्यांच्याऐवजी नव्हे. मला हळहळ वाटते ती कंडक्टरची. तिकिटे फाडता फाडता तो चढणाऱ्याला हात देई आणि दारात लोंबकळणाऱ्याला आत घेई; ते काम गाडीबरोबर नाहीसे झाले.

लेखातील ते वाक्य मी दुरुस्त केले आहे. ते आता असे वाचता येईल: 'या गाडीचा क्रमांक १९५९ सालचा आहे, साटा आणि चौकटी अल्डनहॅममध्ये बदललेल्या असू शकतात.' व्हीलचेअरचा मुद्दाही त्याच परिच्छेदात जोडला आहे.